वीस बटणांचं पाकीट

४ मार्च

तुझं पत्र परवा मिळालं. फक्त आकड्यांचं लिहा, बाकी काही लिहू नका, असं शेवटी लिहिलंयस. ठीक आहे. तसंच लिहितो.

आधी तुझं म्हणणं मला नीट कळलं का ते बघ. तुझी मुलगी साडेचार वर्षांची झाली. (मी तिला पिल्लू म्हणेन. चालत नसेल तर कळव.) पिल्लू वीसपर्यंत आकडे घडाघड म्हणतं, पण तीन चमचे आण म्हटलं की मूठभर घेऊन येतं. बालवाडीच्या बाईंनी सांगितलं, घरी काहीतरी करून घ्या. तुला पुस्तकातलं नको आहे. मी तुला घरी कसं शिकवलं ते हवं आहे. 'शिकवल्याचं आठवत नाही, मला यायचं एवढंच आठवतं,' असं तू लिहिलंयस. तू लहान होतीस. आठवणार नाही.

पिल्लू चुकत नाही. ते गाणं म्हणतं. एक, दोन, तीन हे त्याच्यासाठी गाण्याचे शब्द आहेत, आणि गाण्याला चमच्यांशी काही देणंघेणं नसतं. इथे एक बाई आहेत, त्यांचा वर्ग असतो. त्या म्हणतात, तोंड पुढे पळतं आणि बोट मागे राहतं. तोंडाला थांबवायचं नाही, ते थांबत नाही. बोटाला काम द्यायचं.

म्हणून सुरुवातीला आकडा उच्चारूच नकोस. टेबलावर कप मांड. घरात जितकी माणसं तितके. पिल्लूच्या हातात चमच्यांचा डबा दे आणि सांग, प्रत्येक कपाला एक चमचा. एका कपात दोन टाकले तर रागावू नकोस. विचार, या कपाला दोन, मग त्या कपाने काय केलं? ते स्वतःच काढून तिकडे ठेवेल. सगळ्या कपांना मिळाले की मगच म्हणायचं, बघ, तीन. आकडा शेवटी द्यायचा, खाऊसारखा.

आठवडाभर एवढंच कर. वाढवू नकोस.

पेन वाईट आहे, त्यामुळे अक्षर असं आलंय.


१९ मार्च

तुझं कार्ड आलं. 'चमच्यांचं जमलं. पुढचं लिहा.' कार्ड टेबलावर उभं करून ठेवलंय, म्हणजे पुढचं लिहायला विसरणार नाही.

पुढचं जिन्याचं. एक पायरी, एक आकडा. पाय टेकल्याशिवाय तोंड उघडायचं नाही. पिल्लू उड्या मारत असेल तर उड्या मारू दे, पण उडी संपल्यावर आकडा. तू पुढे हो, तोंड त्याच्याकडे ठेव आणि गप्प राहा. मोठ्यांनी बरोबर म्हटलं की मूल आपलं तोंड बघून म्हणतं, पायाकडे बघत नाही.

मी आता राहतो त्या घराचा जिना तू पाहिलेला नाहीस. मी तिसऱ्या मजल्यावर आहे. रोज सकाळी खाली जातो आणि वर येतो. जाताना मोजतो, येताना मोजतो. आमच्या जिन्याला किती पायऱ्या आहेत हे अजून ठरलेलं नाही.

बाईंच्या वर्गातलं सांगतो, तुला उपयोग होईल. तिथे एक दांडगट आहे. फासा टाकायचा, जितके ठिपके तितकी घरं सोंगटी पुढे न्यायची, असा खेळ असतो. तो पाचाच्या पुढे जायलाच तयार नाही. सहा पडले तरी पाचावर थांबतो. परवा बाई म्हणाल्या, "सहावा कुठे गेला?"

तो म्हणाला, "सहावा मागच्या स्टॉपला उतरला."

सगळे हसले. बाईही हसल्या. मग म्हणाल्या, "त्याला परत चढवा. गाडी थांबवून ठेवलीय मी."

त्याने सोंगटी उचलून पुन्हा पहिल्या घरावर ठेवली आणि एकेक घर ठोकत सहावर गेला. रागाने गेला, पण गेला. तेव्हा पिल्लू अडलं तर हसवून बघ.

तिथे दुसरा एक आहे. तो गप्प असतो. आपल्याला हे सगळं येतं असं त्याला वाटतं. मण्यांच्या माळेवर त्याचं बोट तिसऱ्या मण्यावर असतं आणि तोंडात पाच असतं. तो चिडत नाही. त्याला घाम फुटतो. बाई त्याचं बोट धरून परत पहिल्या मण्यावर नेऊन ठेवतात. हे लिहिण्याचं कारण असं की पिल्लूला घाम फुटत असेल तर त्या दिवशी खेळ बंद कर. घाम हे कंटाळ्याचं लक्षण नाही.

इथे एक ओळ खोडली आहे. ती आकड्यांची नव्हती.


२ एप्रिल

आज अंड्यांच्या खोक्याचं लिहितो. पुठ्ठ्याचं असतं ते, आठ खळग्यांचं. अंडी संपली की टाकू नकोस.

त्याआधी थोडं खात्याचं सांगावं लागेल, नाहीतर खेळ कळणार नाही. तू सहा-सात वर्षांची असताना एकदा बटणांच्या कारखान्यात, आमच्या मोजणी खात्यात आली होतीस. आम्ही बटणं कशी मोजतो हे बघून तुझा विरस झाला होता. तुला वाटलं होतं की बाबा दिवसभर एक, दोन, तीन करत बसतात. तिथे लाकडी पाट्या होत्या. बारा ओळी, एकेका ओळीत बारा खळगे. पाटी बटणांच्या पिंपात बुडवायची, हलवायची, वरची बटणं हाताने झटकून टाकायची. प्रत्येक खळग्यात एक बटण बसतं. मग पाटीवरून नजर फिरवायची. आपण बटणं बघत नसतो. रिकामा खळगा आहे का ते बघत असतो. अठ्ठावीस वर्षं मी रिकामा खळगा शोधला. बाकी काही मोजलं नाही.

तेच पिल्लूला करू दे. प्रत्येक खळग्यात एक बटण. भरलं की झाकण लावायचं, खुळखुळवायचं, विचारायचं, किती असतील? उघडून एकेकावर बोट ठेवून मोजायचं. मग पिल्लूला पाठ करायला सांग, एक बटण काढ आणि विचार, काय गेलं? आधी ते रिकाम्या जागेवर बोट ठेवेल. आकडा नंतर येईल. रिकामी जागा दिसणं हे मोजण्याच्या आधीचं आहे. बाई हे सांगत नाहीत, हे मी सांगतो.

मी रोज सकाळी एक अंडं उकडतो आणि त्या खळग्यात बटण ठेवतो. सगळ्या खळग्यांत बटणं झाली की बाजाराचा दिवस. वार लक्षात ठेवण्यापेक्षा हे सोपं पडतं. दुपारी घरात आवाज असा काही नसतो, त्यामुळे बटण पुठ्ठ्यावर पडलेलंसुद्धा ऐकू येतं.

तो गप्प बसणारा आता खोकं बरोबर भरतो. खोकं बाजूला घेतलं की मात्र त्याचं पुन्हा तेच. काल चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला, आणि बाईंना म्हणाला, "ही बटणं सरकतात." बाई म्हणाल्या, "बटणं कशाला सरकतील? त्यांना काय घरी जायचंय?"


११ एप्रिल

उत्तर आलं नाही. ते मागण्यासाठी लिहीत नाही.

मागच्या पत्रात खोक्यात आठ खळगे असतात असं लिहिलं गेलं. सहा असतात. दुकानदाराने दाखवलं. पिल्लू गोंधळलं असेल तर सांग, माझं चुकलं.


३१ एप्रिल

यासोबत पाकीट आहे. त्यात वीस बटणं आहेत.

पाकिटावर माझी चिठ्ठी लावली आहे, खात्यात लावायचो तशी. आकडा आणि खाली त्रिकोण. त्रिकोण ही माझी खूण होती, तुला आठवत असेल. प्रत्येक मोजणाऱ्याची एक खूण असे. काहींची पाकिटं वरचा साहेब मधूनच फोडायचा आणि पुन्हा मोजायचा. त्रिकोणाचं पाकीट कुणी फोडायचं नाही, अशी खात्यात रीतच पडली होती. नवीन माणसाने हात लावला तर शेजारचा म्हणायचा, "ए, ते त्यांनी मोजलेलं आहे." एवढं एकच वाक्य माझ्याबद्दल तिथे बोललं जायचं. मला पुरायचं.

पिल्लूला एवढ्यात वीस मोजायला लावू नकोस. वेगळं करायला लाव. दोन भोकांची एकीकडे, चार भोकांची एकीकडे. मग रंगाने. मग मोठ्यापासून लहानापर्यंत रांग. नंतर पाच घे, कप पालथा घाल, काही कपाखाली ढकल, काही बाहेर ठेव आणि विचार, आत किती लपलीत? सांगता आलं नाही तर कप उचलू दे. कप उचलणं ही चोरी नाही.

निळं मोठं आहे ते तुझ्या शाळेच्या कोटाचं. पांढरी सगळी माझ्या कामाच्या शर्टांची. हिरवं बारीक आहे, दोन भोकांचं. त्याच्याबद्दल लिहीत नाही.

आज मी खोकं वापरलं नाही. टेबलावर पसरली आणि बोटाने मोजली. बरोबर आली. आजची तारीखही कुठे बघून लिहिलेली नाही.


१८ मे

तुझं पत्र आलं. नऊ वर्षांत एवढं मोठं पत्र आलं नव्हतं. तू लिहिलेलं इथे पुन्हा उतरवतो, कारण ते मला पुन्हा लिहून बघायचं आहे.

'पाकीट टेबलावर ओतलं. मी तिला म्हणाले, वीस आहेत, आजोबांनी मोजलीत, आपण रंग वेगळे करू. ती म्हणाली, मी मोजते. मी म्हणाले, आजोबांनी मोजलेलं परत मोजायचं नसतं. ती म्हणाली, का? तिने मोजली. एकेकावर बोट ठेवून, सावकाश, तुम्ही लिहिलं होतं तशी. सतरा. मी मोजली. सतरा. पाकीट झटकलं, टेबलाखाली बघितलं, पुन्हा मोजली. ती मला म्हणाली, आजोबांना शिकवायला पाहिजे. आणि बाबा, एप्रिलला एकतीस तारीख नसते. आधी अक्षरावरून वाटलं, कुणाकडून तरी लिहून घेताय. काय झालंय? आता आकड्यांचं सोडून लिहा.'

आधी पिल्लूचं. त्याने सतरा वस्तू मोजल्या. दोन महिन्यांपूर्वी त्याला तीन चमचे आणता येत नव्हते. हे तुझ्या पत्रात शेवटी यायला हवं होतं, पण तू ते लिहिलंच नाहीस. त्याला सांग, माझं पाकीट आजवर कुणी फोडून मोजलं नव्हतं.

तीन बटणं मीही टेबलाखाली शोधली. सापडणार नव्हती. ती हरवलेलीच नाहीत. ती कधी नव्हतीच. तोंड पुढे गेलं होतं.

मागच्या नोव्हेंबरात सकाळी चहाचं पाणी मोजून घेत होतो. एक कप घातला. त्याच्या पुढचा आकडा आला नाही. मी वाट पाहत उभा राहिलो. मग उजव्या हातातला कप पडला. आवाज ऐकून खालचा शिंपी वर आला. त्याने रुग्णालयात नेलं. तिथे काही दिवस होतो. हात बराच परत आला. बोलणं कुठे गेलंच नव्हतं. डॉक्टर म्हणाले, डोक्यातली आकड्यांची जागा तेवढी गेली, असं होतं कधीकधी. मी म्हणालो, शब्द घेतले असते तरी चाललं असतं, आकडे जास्त वापरात होते. ते हसले नाहीत. लिहून घेतलं.

बाईंचा वर्ग म्हणजे रुग्णालयाच्या तळमजल्यावरची खोली. तिथे मुलं नसतात. दांडगट आहे तो निवृत्त बसड्रायव्हर आहे, माझ्याहून मोठा. गप्प बसणारा मी.

तुला जे जे लिहिलं ते ते मी आधी स्वतः केलं. कप आणि चमचे, जिना, फासा, खोकं. बाई माझ्याकडून करून घ्यायच्या, मला आठवडाभर जमलं की मी तुला लिहायचो. काही जमण्याआधीच लिहिलं. पिल्लू आणि मी एकाच वर्गात होतो. ते पुढे गेलं.

आता तू जे विचारलं होतंस ते. मी तुला घरी कसं शिकवलं. मी शिकवलं नाही. आईने शिकवलं. मी खात्यातून वाया गेलेली बटणं आणायचो, भोक चुकलेली, कड तुटलेली, आणि टेबलावरच्या डब्यात टाकायचो. डबा माझा, म्हणून शिकवणंही माझं असेल असं तुला वाटलं असणार. मी घरी यायचो तेव्हा डब्याला झाकण लागलेलं असायचं. दिवसभर त्याचं काय केलं हे मी तिला कधी विचारलं नाही. तिला विचारायला हवं होतं. आता विचारता येत नाही, आणि पिल्लूला नेमकं तेच लागत होतं.

हे पहिल्या पत्रातच लिहायला हवं होतं. पण इतक्या वर्षांनी तू एक गोष्ट मागितलीस, आणि ती माझ्याकडे नाही असं लिहिलं असतं तर तू दुसरं काही मागितलं नसतंस.

अजून एक राहिलंय. तेही लिहितो.

आई गेली त्या दिवशी वार्षिक मोजणी चालू होती. तू रुग्णालयातून खात्यात दोनदा फोन केलास. शिपाई दोनदा येऊन सांगून गेला. पहिल्यांदा म्हणाला, ताईंचा फोन आहे, लवकर या म्हणतात. दुसऱ्यांदा म्हणाला, साहेब, ताई रडतायत. दोन्ही वेळा मी पाटीवरून नजर काढली नाही. म्हणालो, मोजणी मध्ये मोडली तर पहिल्यापासून करावी लागते. मी पोचलो तेव्हा तू बाहेर बाकावर बसली होतीस. तू विचारलंस, "बाबा, निरोप मिळाला होता का?" मी म्हणालो, "नाही गं, आत्ताच कळलं."

तू शिपायाशी आधीच बोलली होतीस. हे मला तुझ्या चेहऱ्यावरून तिथल्या तिथे कळलं होतं. तरी मी ते वाक्य परत घेतलं नाही. तिच्या दिवसांतही नाही, तू सामान बांधत होतीस तेव्हाही नाही. आज घेतो. निरोप मिळाला होता. दोन्ही वेळा.

हल्ली माझी मोजणी रोज मोडते. सातावर मोडते, नाहीतर अकरावर. बाई म्हणतात, "मोडली तर मोडली, काका. चला, पहिल्यापासून." आणि मी पहिल्यापासून करतो. काही होत नाही. कुणी मरत नाही, खातं बंद पडत नाही. मला एवढंच तेव्हा माहीत नव्हतं.

या पत्रातले आकडे खालच्या शिंप्याकडून तपासून घेतले आहेत. त्याला म्हणालो, पत्र वाचायचं नाही, फक्त आकडे बघायचे. तो म्हणाला, "मग बाकीच्यावर हात ठेवा." मी हात ठेवला. वाचताना त्याचे ओठ हलत होते, म्हणजे थोडंफार दिसलं असणार. जाताना म्हणाला, "तारीख बरोबर आहे."


९ जून

पुडी मिळाली.

बाहेर तुझ्या अक्षरात पत्ता, आत कागदाची घडी, घडीत तीन बटणं. कागदावर एक त्रिकोण काढलेला. त्याची एक बाजू फार लांब गेली आहे, कागदाबाहेर निघाली असती. खाली तू लिहिलंयस, 'तीन आण म्हटलं. तीनच आणली. मी पुन्हा मोजली नाहीत.'

मीही मोजली नाहीत. मग वाटलं, मोजण्यात अविश्वास नाही, सराव आहे. खोकं न घेता मोजली. तीन.

ड्रायव्हरला दाखवली. तो म्हणाला, "तीनच? बाकीचे कुठे उतरले?"

मी म्हणालो, "ते तिकडे आहेत. येतायत."

"कुणाबरोबर?"

"माझ्या मुलीबरोबर."

तो माझ्याकडे बघत राहिला. म्हणाला, "तुम्हाला मुलगी आहे? इतके महिने शेजारी बसताय, फासा माझ्या अंगावर टाकताय, आणि हे आज सांगताय?" मग बाईंना हाक मारून म्हणाला, "ओ बाई, यांना मुलगी आहे बरं का!" बाई म्हणाल्या, "मला माहीत आहे. काका दर आठवड्याला विचारतात, हे साडेचार वर्षांच्या मुलाला जमेल का." मी बाईंना असं विचारत होतो हे मला माहीत होतं. त्यांनी ते लक्षात ठेवलं होतं हे माहीत नव्हतं.

आम्ही एकवीस तारखेला येतो, असं तू लिहिलंयस. भिंतीवर रोज एक पान फाडायचं कॅलेंडर आहे, त्यातल्या त्या पानावर शिंप्याने खूण करून दिली आहे. रोज सकाळी एक पान फाडायचं, खूण वर आली की तो दिवस. मला मोजावं लागणार नाही.

किती जण येणार ते आकड्यात लिहू नकोस. आकडा माझ्याकडून सांडतो. कोण कोण ते लिही. मी प्रत्येकासाठी एक कप काढतो. तुझा काढला आहे, पिल्लूचा काढला आहे, माझा आहेच. जावई येणार असतील तर नुसतं 'तेही' एवढं लिही. आईचा कप मी दोनदा काढला आणि दोनदा आत ठेवला. त्याला सवय म्हणायची की चूक, बाईंना विचारलं नाही.

घर लहान आहे. खिडकी एकच आहे. दुपारी ऊन टेबलावर येतं, बटणं मांडायला तेवढा उजेड पुरतो. सहाही अंडी शिल्लक असलेलं खोकं त्या दिवशी घरात असेल, म्हणजे पिल्लूला आधी ते रिकामं करावं लागेल.

तू सामान बांधताना जे बोलली होतीस ते परत घे असं मी म्हणत नाही. ते बरोबर होतं. समोर बसून पुन्हा बोलायचं असेल तर बोल. मी उठून जाणार नाही.

खाली आल्यावर हाक मारू नकोस. पिल्लूला पुढे कर आणि तू गप्प राहा. पाय टेकल्यावर आकडा, एवढं त्याला माहीत आहे. मध्ये दोनदा वळण लागतं. तिथे ते थांबेल, कदाचित विसरेल. तर पुन्हा खाली जाऊन पहिल्यापासून येऊ दे. कितीही वेळ लागू दे. मी दार उघडून उभा असेन.

वर आल्यावर ते जो आकडा सांगेल तितक्या पायऱ्या.

बाबा